उत्तर येणाऱ्याचा हात

"एका झापडीनं कुणाचा कान जात नसतो गं. आमच्या वेळी तर छड्या मोडायच्या अंगावर. आणि हे बघ, त्या मॅडमसमोर तुझ्या त्या मैत्रिणीचं, नव्याचं नाव घेऊ नको. नुसतं कान दुखतोय म्हण."

बाई हे मुलीला मराठीत म्हणाली, आवाज जराही न उतरवता. हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या मेडिकलमध्ये काउंटरमागे उभ्या असलेल्या पांढऱ्या कोटाला मराठी येत असेल, असं तिला वाटायचं काही कारण नव्हतं. मग माझ्याकडे वळून ती दखनीत म्हणाली, "मॅडम, कान दुखरा बच्ची का. ड्रॉप देव ना, अच्छेवाले."

मी ड्रॉप काढला. खोका हातात धरला आणि मुलीकडे पाहिलं. दहावीची असावी. परीक्षेचं पॅड छातीशी घट्ट धरलेलं, मान डावीकडे किंचित कललेली, डाव्या कानावर रुमाल. गालावरची लाली उन्हाची नव्हती. उन्हानं चेहरा सगळीकडून सारखा भाजतो. ही लाली एकाच बाजूला होती आणि तिला बोटं होती.

मला मराठी येतं, हे मी सांगितलं नाही. मी सहसा सांगत नाही. या शहरात मराठी ही आपल्या माणसांत बोलायची आणि चारचौघांत लपायची भाषा आहे. समोरच्याला कळत नाही अशा समजुतीनं लोक किती काय काय बोलून जातात. आणि मी ऐकते. निदान अर्धं तरी.

मार्च महिना हैदराबादेत आला की मला आधी आवाज आठवतात. रस्त्यावरच्या कडुनिंबाला मोहर येतो, गल्लीगल्लीत तो पांढरा चुरा सांडतो, त्याचा कडवट गोड वास येतो, हे सगळं खरं आहे. उगादीच्या पच्चडीसाठी, म्हणजे पाडव्याच्या कडू-गोड चटणीसाठी, आमच्या तेलुगू शेजारीणबाई तोच मोहर गोळा करायच्या, सुपात पाखडायच्या, आणि एक वाटी आमच्याकडे यायची. पण माझ्या आठवणीत त्या वासाच्या मागे सतत काहीतरी आपटत असतं. पाट्यावर कैरी ठेचणारी आई. गच्चीवर सतरंजी झोडपणारी कामवाली. होळीला बेगम बाजारच्या बाजूनं येणारी, अंडी फोडत जाणारी पोरांची टोळी. नामपल्लीच्या चौकात ऊन असं डोक्यात बसतं की ऑटोवाला आणि बसचा ड्रायव्हर निव्वळ आरशाला आरसा घासला म्हणून खाली उतरून एकमेकांच्या गळ्याला धरतात, आणि सिग्नल हिरवा झाला की आपापल्या जागी जाऊन बसतात. हे शहर गोड बोलतं, "आव भई, बैठो भई" करतं, असं लोक म्हणतात. तेही खरं आहे. मार्चमध्ये मात्र त्याचा हात उठतो.

आणि हाच महिना परीक्षेचा.

दुकानात हा मोसम मला औषधांवरून कळतो. फेब्रुवारी संपता संपता आया स्मरणशक्तीची सिरपं विचारायला लागतात. मग ग्लुकोजची पाकिटं. मग ॲसिडिटीच्या गोळ्या, त्या पोरांनाही आणि बापांनाही. मग कुणीतरी हळूच विचारतं, जागं राहायची काही गोळी असते का मॅडम. परीक्षा सुरू झाली की कॉपी होऊ नये म्हणून आमच्या शेजारच्या केंद्राभोवतीची झेरॉक्सची दुकानं शटर ओढून बसतात, आणि रस्ता एकदम मुका होतो. एवढ्या शांततेत पोरांना केंद्रावर सोडायला आलेले बाप फाटकापर्यंत ओरडत असतात. "गणित आरामात कर बे! गडबड किया तो घर कू नक्को आ!" असं एक जण परवा गेटमधून ओरडला. पोरगा हसला. बापही हसला. पण आत जाण्याआधी पोरानं पाण्याची अख्खी बाटली एका दमात रिकामी केली, ते मी दुकानातून पाहिलं.

मी या गल्लीपासून चार गल्ल्या पलीकडच्या शाळेत शिकले. इंग्रजी माध्यम, निळा टाय, सकाळची प्रार्थना. मराठी मी शाळेत कधी शिकले नाही. हिंदीमुळे अक्षरं कळत होती, त्या अक्षरांत आईची भाषा भरायला मी कॉलेजात गेल्यावर शिकले. म्हणून अजूनही मराठी लिहिताना मला वाटतं की मी कुणाच्या तरी घरी जेवायला बसले आहे, आणि जास्त मागू नये.

आमच्या सायन्सच्या मिस कुणालाही मारत नसत. पालकांच्या मीटिंगमध्ये त्या हे अभिमानानं सांगत. "मी आजवर एकाही मुलाला हात लावलेला नाही." ते शब्दशः खरं होतं. त्यांची पद्धत वेगळी होती. त्या प्रश्न विचारत. ज्याला येत नाही त्यानं उभं राहायचं. प्रश्न रांगेनं पुढे सरकायचा आणि उभ्यांची संख्या वाढत जायची. जो पहिला बरोबर उत्तर देईल, त्यानं आपली जागा सोडून उभ्या असलेल्या सगळ्यांच्या पुढून जायचं आणि प्रत्येकाच्या गालावर एक एक वाजवायची. उत्तर येणाऱ्याचा हात, न येणाऱ्याचा गाल. मिस खुर्चीत बसून वहीवर सही करत असत. त्यांना वर बघायचीही गरज नसे, त्या कानानं मोजत.

मार्चमध्ये उजळणी असायची, म्हणजे दिवसभर हेच. एखाद्या बाकावर टप, पुढच्यावर फट, कधी नुसता बोटांचा ओझरता आवाज. हळू मारलं की मिस मान खाली ठेवूनच म्हणत, "व्हॉट इज धिस? पावडर लावतेस का तिला?" वर्ग हसायचा. मग परत मारायचं. परत मारलेली पहिल्यापेक्षा जोरात बसते, कारण तिच्यात मारणाऱ्याचा स्वतःवरचा रागही असतो. मधल्या सुट्टीत नळावर गर्दी व्हायची. मार खाल्लेले तोंडावर पाणी मारत आणि मारणारे आपले लाल झालेले तळवे धारेखाली धरत. एकाच नळावर. कोण कशासाठी आलंय ते कुणी विचारत नसे, आणि उद्या जागा बदलणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. मला आता वाटतं, त्या वर्गात आम्ही रसायनशास्त्रापेक्षा हेच जास्त नीट शिकलो: मारणारा हात आपला असतो आणि मारायला लावणारा हात कुठेच दिसत नाही.

माझ्या डाव्या बाजूला लावण्या बसायची. केसांत रोज मोगऱ्याचा तुकडा, डब्यात चिंचेचा पुलिहोरा भात, आणि प्रत्येक गोष्टीला "छी पो" म्हणायची सवय. "छी पो" म्हणजे जा गं, काहीतरीच. माझ्याशी कुणी फार बोलत नसे, कारण मी कुणाशी फार बोलत नसे. लावण्या मात्र दोघींचं बोलून घ्यायची. माझ्या डाव्या कानात दिवसभर तिची कुजबुज चालायची. मिसच्या साडीवर टीका, बसमधल्या कंडक्टरची नक्कल, घरी कुणाचं कुणाशी भांडण झालं त्याची बातमी. मला बोलावं लागत नव्हतं, फक्त ऐकावं लागत होतं. याहून चांगली मैत्री मला पुढे कधी मिळाली नाही.

त्या दिवशी प्रश्न ब्लीचिंग पावडरचा होता. सूत्र सांगा. रांग उभी राहत आली. लावण्या उभी राहिली. माझी पाळी आली. मला सूत्र येत होतं. नुसतं येत नव्हतं, जिभेच्या टोकावर बसलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर मला त्या रांगेपुढून जावं लागलं असतं, आणि रांगेत लावण्या होती. मी उभी राहिले.

मी गप्प राहिले त्याला आजही लोक लाजाळूपणा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, "आमची पोरगी भारी शांत." मी शांत नाही. मी त्या वयात हिशेब केला होता की उत्तर गिळलं तर निदान आपला हात कुणाच्या गालावर पडणार नाही. तो हिशेब मग सवय झाला.

आणि मग, आमच्या दोघींनंतरच्या मुलीलाही आलं नाही तेव्हा, लावण्याला सूत्र आठवलं. असं होतं, उभं राहिल्यावर आठवतं. तिच्या तोंडातून ते निसटलंच. पूर्ण, बरोबर. मिसनी वहीवरून न बघता हातानं खूण केली, चला.

ती माझ्यापाशी आली तेव्हा तिचे डोळे आधीच भरले होते. पहिली तिनं नुसती टेकवली. "पावडर?" मिस म्हणाल्या. वर्ग हसला, उत्तरही पावडरच होतं, म्हणून जास्तच हसला. दुसरी थोडी वाजली. "प्रॉपर्ली, लावण्या. नाहीतर तुझ्यासाठी दुसऱ्या कुणाला बोलावते." तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले आणि हात फिरवला. डोळे मिटल्यामुळे तो गालावर बसायचा तो कानावर बसला. सपाट, उघडा तळवा.

बल्ब फुटतो तसा आवाज झाला. बाहेर नाही, आत. मग लांबच्या कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होते आहे आणि कुणी गॅस बंद करत नाही, असं काहीतरी सुरू झालं. मी बाकाची कड धरली. लावण्या पुढच्या मुलीकडे गेली. तिला जावंच लागलं.

"मम्मी, नाक शिंकरलं की कानातून हवा जाते. शिट्टीसारखी." काउंटरपलीकडची मुलगी आत्ता हे म्हणाली.

"काहीतरीच सांगू नको. कानातून कुठं हवा जाते का?"

जाते. मला माहीत आहे. मी त्या संध्याकाळी आमच्या मोरीत उभी राहून नाक शिंकरलं होतं आणि माझ्या डोक्याच्या बाजूनं हवा निघून गेली होती. मला वाटलं होतं, डोक्याला भोक पडलं. हे आईला सांगायला मला शब्द नव्हते, इंग्रजीतही नव्हते. मी फक्त म्हणाले, कान दुखतोय.

आईनं लसूण ठेचली. मला तो बत्ता आपटल्याचा आवाज अर्धाच आला, हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. तेलात लसूण कडकडवून, जरा निववून, तिनं ते मायेनं माझ्या कानात सोडलं. तिच्या आईनं तिला तसंच सोडलं होतं. मी किंचाळले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी उशीवर पिवळट डाग होता. मग बाबा मला मेडिकलमध्ये घेऊन गेले. दुकानातल्या माणसानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कान का? ये लेव, तीन बार डालो." बाबांनी ते थेंब परीक्षा होईपर्यंत तीन बार घातले, घड्याळ लावून. इतक्या काळजीनं कुणी कुणाला इजा केली नसेल.

शाळेत जाऊन विचारायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. बाबांना मी सांगितलं होतं की वर्गात लावण्याची झापड बसली. त्यांनी मला अण्णांची गोष्ट सांगितली. अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते मराठवाड्यातल्या एका खेड्यात, निजामाच्या अमलात, चार वर्षं शाळेत गेले. मास्तर त्यांना छडीनं मारत नसे, कारण छडी अंगाला लागली की विटाळ व्हायचा. तो लांबून रूळ फेकून मारायचा. नेम चांगला होता. रूळ अण्णांना लागून खाली पडला की दुसरा एखादा पोरगा त्याच्यावर पाणी ओतायचा, मग तो रूळ परत मास्तरच्या टेबलावर जायचा. अण्णांच्या भुवईवर त्याची खूण मरेपर्यंत होती.

"तुला हातानं तरी मारलं पोरी," बाबा म्हणाले. "कोमटी वाण्याच्या पोरीनं तुझ्या गालाला हात लावला. अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं."

ते विनोद करत होते असं मला वाटलं. मग वाटलं, ते विनोद करत नाहीत. आमच्या घरात शाळेबद्दल तक्रार करायची पद्धत नव्हती. ज्या दारातून आत यायला दोन पिढ्या गेल्या, त्या दाराच्या बिजागऱ्या करकरतात म्हणून कुणी भांडत नाही. रेल्वेच्या ऑफिसातून थकून आलेला तो माणूस माझ्या सुजलेल्या गालाकडे बघत होता आणि त्याला त्यात, दुखत असूनही, कुठेतरी प्रगती दिसत होती. मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. आजही त्यांच्यावर रागावता येत नाही, आणि त्यामुळे राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. तो मग माझ्या जबड्यात राहतो. दाताचे डॉक्टर म्हणतात, झोपेत दात खाता का.

शाळेत मी आणि लावण्या त्याच बाकावर बसत राहिलो. ती डावीकडे, मी उजवीकडे. ती नेहमीसारखी मान वळवून कुजबुजायची आणि मी समोर फळ्याकडे बघत राहायचे. मुद्दाम नाही. मला काही ऐकू येतच नव्हतं. तिला वाटलं मी अबोला धरलाय. मला वाटलं तीच गप्प झालीय. एकदा मी सहज वळले तेव्हा तिचे ओठ हलत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. किती वेळ बोलत होती कोण जाणे. मी पाहिलं म्हटल्यावर ती थांबली, डोळे पुसले आणि पुस्तक उघडलं. पुढच्या आठवड्यात तिनं जागा बदलली.

तिनं त्या दिवसांत मला काय काय सांगितलं असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. ते सगळं माझ्या डाव्या बाजूला सांडून गेलं. ती आता दूरच्या देशात असते, मुलाचे फोटो टाकते, मी लाइकचा अंगठा देते. तिला काही माहीत नाही. तिला कळू नये म्हणूनच कान गेल्याचं मी कुणालाही सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. एकाला सांगितलं की कान असलेल्या दुसऱ्याला कळतं, दुसऱ्याकडून तिच्यापर्यंत जाईल, आणि मग ती आपल्या हाताकडे बघेल. आई म्हणते, "हिचं ध्यान कुठं असतं देव जाणे, हाक मारली तरी ऐकत नाही." मी म्हणते, हो गं, विचारात होते.

फार्मसीला मी गेले ते काचेसाठी. मध्ये काउंटर, काउंटरवर काच, आणि माणसं तुमच्याशी बोलायला येत नाहीत, औषधाशी बोलायला येतात. माझ्यासारखीला याहून काय हवं होतं? तिसऱ्या वर्षी कानाच्या औषधांचा धडा आला. सरांनी एक ओळ फळ्यावर लिहिली आणि खाली रेघ मारली. पडदा फाटलेला असेल तर हे थेंब घालायचे नाहीत, औषध आतल्या कानापर्यंत पोहोचतं आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी पेन खाली ठेवलं. माझा कान झापडीनं गेला, लसणाच्या तेलानं गेला की त्या थेंबांनी, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मला हातानं फक्त एका माणसानं मारलं होतं. बाकी सगळ्यांनी प्रेमानं.

दुकानात आले आणि कळलं की काचही काही अडवत नाही. मारामारी झाली की माणसं डॉक्टरकडे नंतर जातात, आधी मेडिकलमध्ये येतात. बोटांच्या पेरांसाठी मलम मागतो तो मारणारा असतो. ओठासाठी, डोळ्याखालच्या सुजेसाठी मागते ती मार खाणारी असते. कधीकधी दोघं एकत्र येतात, एकाच स्कूटरवरून, आणि एकच ट्यूब घेऊन जातात. "बाथरूम में पड़ गई," तो सांगतो. ती मान हलवते. काकणाच्या काचा मनगटात रुतलेली एक बाई मागच्या महिन्यात आली. मी कापूस देताना विचारलं, "क्या हुआ?" ती म्हणाली, "कुछ नक्को पूछो मॅडम, पट्टी देव." मी पट्टी दिली. एकानं झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय दिल्या नाहीत म्हणून हेल्मेट काउंटरवर आपटलं होतं. त्या काचेला अजून चिकटपट्टी आहे. रोज सकाळी मी ती पट्टी पुसते. वास स्पिरिटचा येतो आणि काच आणखी जराशी पुढे तडकलेली असते.

मी सगळं बघते आणि मोजके शब्द बोलते. सुबह शाम. खाने के बाद. गरम पानी के साथ.

"मॅडम, ड्रॉप?" बाईनं काउंटरवर बोटं वाजवली.

मी खोका खाली ठेवला. मुलीला म्हणाले, "रुमाल हटाव बेटा." तिनं रुमाल काढला. कॉलरवर एक तांबूस ठिपका वाळला होता. कान बाहेरून अगदी नीट दिसत होता. माझाही अगदी नीट दिसतो.

"किसने मारा?" मी विचारलं.

मुलीनं आईकडे पाहिलं. "कोई नहीं, आंटी," ती म्हणाली. मग आईला हळूच, मराठीत, "मम्मी, नव्याला सरांनीच मारायला लावलं. तिचा काय दोष? ती रडत होती माझ्यापेक्षा."

"हौ, माहीत आहे. म्हणून तर म्हणते, गप ऱ्हा. ट्यूशनचे सर स्वतः कधी हात लावत नाहीत, किती चांगले आहेत. सोमवारी पेपर आहे आणि तुला कानाचं सुचतंय."

म्हणजे ती पद्धत अजून आहे. शाळेतून निघून ट्यूशनच्या गच्चीवर गेली आहे, पत्र्याखाली, पंख्याखाली, पण आहे. मिस रिटायर झाल्या असतील. रांग उभीच आहे.

"ये ड्रॉप नहीं दे सकती," मी म्हणाले. "पडदा फटा होएंगा. कान के डॉक्टर को दिखाव. आजइच."

"अगे मॅडम, पेपर हैं बच्ची के. पेपर के बाद दिखाते. अभी ड्रॉप देव."

"पेपर के पहले दिखाव. पानी भी नहीं जाना कान में. तेल नक्को."

"तेल तो डाली मैं, लसूण का," बाई म्हणाली, जरा अभिमानानं.

मागून आमचे मालक, प्रभाकर गारू, गारू म्हणजे आपलं राव, चष्म्यावरून बघत होते. ते वाईट माणूस नाहीत. सणाला मिठाई देतात, माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेले नाहीत. "इच्चेय्यम्मा," ते म्हणाले. देऊन टाक. "थेंबच आहेत, विष नाही. इथं नाही दिलं तर समोरच्या दुकानात मिळतील."

तेच तर होतं. समोरच्या दुकानात मिळणार होते. तिथला माणूस मुलीकडे बघणारही नव्हता. ये लेव, तीन बार डालो. आणि ही बाई घड्याळ लावून, मायेनं, तीन बार घालणार होती. मी नाही म्हटल्यानं फक्त माझे हात स्वच्छ राहणार होते. हात स्वच्छ ठेवायची कला मला चांगली येते. मी ती मिसकडून शिकले.

बाईनं पर्स काखेला मारली. "चल गं. हिला काही कळत नाही. कालची पोर आहे, भाव खाते." मुलीचा हात धरून ती पायरी उतरायला लागली. मुलगी वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या डाव्या बाजूनं एक मोटरसायकल हॉर्न वाजवत गेली, आणि ती दचकली नाही.

सूत्र जिभेच्या टोकावर होतं. या वेळी मी ते गिळलं असतं तर माझा हात कुणाच्या गालावर पडणार नव्हता, हे खरं आहे. तरी मार बसणारच होता.

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले. प्रभाकर गारू काहीतरी म्हणाले, ते डावीकडून म्हणाले असावेत. पायरीवर ऊन इतकं होतं की क्षणभर कुणी तोंडावर वाजवल्यासारखं झालं. मी बाईचा दंड धरला. मी आयुष्यात कुणा गिऱ्हाइकाला हात लावला नव्हता. ती भडकून वळली, आणि मी माझ्या आईच्या भाषेत, रस्ताभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"ताई, थांबा. मला मराठी येतं, मी सगळं ऐकलं, पण एकाच कानानं ऐकलं. माझा डावा कान गेलाय. दहावीच्या वर्गात, एका झापडीत, मग लसणाच्या तेलात, मग याच थेंबांत. मारणारी माझी मैत्रीण होती, आणि तिचा काही दोष नव्हता. चला, मी येते तुमच्याबरोबर डॉक्टरकडे."